चौकात सायकल बसवताना

अभिनंदन! आपल्या गावाला डोंगरी सायकलीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, वारसा आहे, असा ठराव तुम्ही एकमतानं मंजूर करून घेतलात. आता चौकात शिल्प उभारायचं. कंत्राट कुणाला ते ठरलेलंच असेल, म्हणून बाकीचं सांगतो.

भाषणात अमेरिका हवीच. कॅलिफोर्नियातलं फेअरफॅक्स घ्या. 1976 साली तिथल्या पोरांनी 1930-40च्या काळातल्या जुन्या, जडशीळ सायकली टॅमलपाईस डोंगराजवळच्या कच्च्या उतारावरून खाली सोडल्या. पॅडल उलटं मारलं की ब्रेक लागायचा. खाली पोचेस्तोवर मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग पुन्हा ग्रीस भरा. शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. 1996मध्ये डोंगरी सायकलीचा खेळ अटलांटा ऑलिंपिकात गेला. टाळ्या पडल्या की थांबा. पुढच्या रांगेतला एखादा म्हातारा उठतोच, "आमच्या सायकलीला ब्रेकच नव्हते की ओ! चाकाला चप्पल टेकवली की थांबायची." त्याला माइक देऊ नका.

दिलात तर तो बालाघाट डोंगरातल्या दगडधोंड्यांची वाट काढेल. कॅरिअरला दोन्हीकडून घागरी, दांडीवर पोरगं, आणि चढाला उतरून ढकलणं. 2016ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आपल्याकडं टँकर ते घर अशी शर्यत रोज व्हायची, बक्षीस दोन कॅन. हे सगळं शिल्पात अजिबात नको. घागर दिसली की पाहुण्यांना वाटतं, अनुदान मागायला बसलेत.

सायकल स्टीलची, चकचकीत, गिअरवाली घ्या. उंची आठ फूट पुरे, नावांची पाटी बारा फुटी. वर हेल्मेटवाला गडी बसवा. कुणी म्हणेल, सरकारच्या मानव विकास योजनेतल्या सायकलीवर वाडीतून शाळेला येणारी पोरगी बसवू. समजावून सांगा, बाबा रे, ती रोज घाट चढते, खेळत थोडीच असते!

जागेचा प्रश्न सोपा आहे. चौकातल्या पंक्चरवाल्याची टपरी हलवा, तिथंच चौथरा होईल. उद्घाटनाला मात्र त्याला आठवणीनं बोलवा. शिल्पाची चेन उजवीऐवजी डाव्या बाजूला बसलीय, हे पडदा सरकताच तोच ओळखणार. तोंड उघडायच्या आत त्याच्या अंगावर शाल टाका.