‘पीक 120, पल्स 2, बॅकग्राऊंड 30’ सगळ्याला चालतं म्हणे!

कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या आर्गनवाल्यांच्या, म्हणजे आर्गन गॅसवर टिग वेल्डिंग करणाऱ्यांच्या, मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. ॲल्युमिनियमला पल्स (करंट आपोआप वर-खाली होणं) चालू करा, पीक म्हणजे वरचा करंट 120 अँपिअर, 2 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोनदा, ऑन टाईम म्हणजे पीकचा वेळ 50 टक्के, बॅकग्राऊंड म्हणजे खालचा करंट पीकच्या 30 टक्के, जाड जॉब असेल तर फक्त पीक वाढवा, हीट निम्मी होते आणि घासत बसायची पण गरज नाही. खाली वेल्डचा फोटो, एकदम देखणा. फोटोबद्दल काही तक्रार नाही, बाकी सगळ्याबद्दल आहे.

आधी ते ‘हीट निम्मी’. हिशोब करा की राव. अर्धा वेळ 120, अर्धा वेळ त्याचे 30 टक्के म्हणजे 36, सरासरी आली 78. ही 120 ची निम्मी पण नाही, आणि मुळात तुलना 120 शी करायचीच कशाला? ॲल्युमिनियमला ढोबळ अंदाज एका एमएमला 40 अँपिअर, म्हणजे 2 एमएमचा पत्रा पल्स बंद ठेवून पण 80 च्या आसपासच चालतो. म्हणजे ज्याने कुणी हे सेटिंग काढलं त्याच्यापुढे बहुतेक 2 एमएमचा पत्रा होता, त्याला ते बरोबर बसलं आणि गडी म्हणाला सगळ्याला चालतं! पल्सचा खरा फायदा वेगळाय, पीकला पडल म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं होतं, बॅकग्राऊंडला ते जरा आवळतं, तेवढ्यात भरायची वायर द्यायला वेळ मिळतो आणि पत्र्याची कड खाली बसत नाही. पातळ कामाला मीपण वापरतोच.

आता जाड जॉब. 6 एमएमला पाहिजेत 240 च्या आसपास, आणि आपल्याकडं बऱ्याच शॉपमध्ये मशीन 200 चं. पीक पूर्ण 200 लावलं तरी या सेटिंगला सरासरी 130 च पडते, वर ॲल्युमिनियम उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी पटीने ओढून नेतं, मग बॅकग्राऊंडला पडल गोठतं आणि वायर वरच्यावर चिकटते, दिसायला वेल्ड, आत काही नाही. तिथं पल्स बंद करा आणि जॉब आधी गरम करून घ्या.

घासायची गरज नाही हे तर सगळ्यात वाईट. धातू वितळतो 660 डिग्रीला, वरचा ऑक्साईड 2000 च्या वर. तो थर फोडतो एसीचा (दिशा बदलत राहणाऱ्या करंटचा) पॉझिटिव्ह भाग, म्हणजे ते काम तो भाग कमी-जास्त करणाऱ्या बॅलन्सच्या नॉबचं, पल्सचा त्यात काही संबंध नाही. आणि बॅलन्स पण पातळ थरच काढतो, तासगावकडनं द्राक्षबागेच्या ब्लोअरचं तेल मुरलेलं कास्टिंग (ओतीव भाग) आलं तर ते तेल कुठलाच नॉब काढणार नाही. आधी ॲसिटोन, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश, वायर पण पुसून घ्या. ब्रेक क्लीनर मारू नका, क्लोरीनवाला निघाला तर आर्कखाली विषारी फॉस्जीन वायू होतो, हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

काहीजण वर अजून शहाणपणा जोडतात की 2 च्या जागी 100 हर्ट्झ ठेवा. पॅनलवर हर्ट्झ दोन ठिकाणी असतं ओ, एक एसीचं, एक पल्सचं. 100 ते एसीचं, आर्क बारीक करायला. फास्ट पल्स स्टेनलेसला डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर) भारी, इथं एसीच्याच वेगाने पल्स मारली तर दोन्ही एकमेकांत अडकतात.

सेट करायचंच असेल तर पल्स बंद ठेवून त्याच जाडीच्या तुकड्यावर साधा करंट काढा, मग पल्स लावून पीक एवढं वाढवा की सरासरी तिथंच येईल, आणि 1 हर्ट्झपासून सुरू करून हाताच्या चालीप्रमाणे वाढवत जा. शेवटी डाऊनस्लोप ठेवा, म्हणजे करंट हळूहळू उतरेल, नायतर क्रेटरला (वेल्डच्या शेवटच्या खड्ड्याला) तडा जातो, मग पल्स कितीपण असूदे.