केळकर संग्रहालय राहिलं की!

जगावेगळ्या संग्रहालयांवरचा तुमचा लेख आवडला. दिल्लीचं सुलभ शौचालय संग्रहालय आणि क्रोएशियातल्या झाग्रेबचं तुटलेल्या नात्यांचं संग्रहालय, दोन्ही मस्त. पण मराठी वाचकांसाठी लिहिताना पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय राहून जावं? शुक्रवार पेठेतच तर आहे!

चष्म्याचं दुकान सांभाळणारा, 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारा दिनकर केळकर नावाचा माणूस गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची अडगळ विकत घेतो, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या सगळ्याला देतो. वीसेक हजार वस्तू जमवल्या त्यांनी. तलवारी-तोफा बघायला लोक किल्ल्यावर जातात, इथे आहेत अडकित्ते, दिवे, लाटणी, किसण्या.

मागे आजीला घेऊन गेलो होतो. मूर्तींपुढून ती सरळ चालत गेली आणि पितळी वज्रीच्या कपाटापाशी थांबली. टाच घासायची वस्तू, पण वर काय नक्षी! "आमची साधी होती गं, दगडाची," असं माझ्या बायकोला सांगता सांगता न्हाणीघर, चुलाणं, बंब, सगळं निघालं. आम्ही पाऊण तास तिथेच.

झाग्रेबला एक कुऱ्हाड ठेवलीय, सोडून गेलेल्या मैत्रिणीचं फर्निचर फोडलेली. ती बघायला गर्दी होते ती याचसाठी असणार, प्रत्येकाच्या घरात अशी एखादी वस्तू असतेच (कुऱ्हाड नसली तरी).

एकच तक्रार, केळकरांच्या संग्रहातलं बरंचसं जागेअभावी बंदच असतं. आजी अजून विचारते, "बाकीच्या वज्र्या कधी दाखवणार?"