अर्जन सिंग आणि ‘एकही विमान पडलं नाही’ची गोष्ट

सप्टेंबर उजाडला की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. ‘1965 ला अर्जन सिंगांनी सांबऱ्याहून विमानं सोडली, तासाभरात पाकिस्तानचं हवाई दल संपवलं, आपलं एकही विमान पडलं नाही. या पहिल्या भारतीय हवाई दल प्रमुखाला सरकार मात्र विसरलं.’ अर्जन सिंगांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे खोडून काढतोय.

आधी सांबरा. तिथे हवाई दलाच्या जवानांना प्रशिक्षण मिळतं, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण 1 सप्टेंबरला विमानं उडाली ती पठाणकोटहून. बेळगावपासून सरळ रेषेत मोजलं तरी ते अठराशे किलोमीटर लांब आहे.

‘तासाभरात’ हा शब्द खरा आहे, अर्थ चुकलाय. जम्मूकडच्या सीमेवर छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले होते, जवळच्या अखनूरचा पूल धोक्यात होता. विमानं किती वेळात पाठवता येतील, याला तेव्हाचे हवाई दल प्रमुख अर्जन सिंग यांचं उत्तर होतं, एक तास. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी होकार दिला आणि 5 वाजून 19 मिनिटांनी पहिली तुकडी आकाशात होती. पाकिस्तानचं हवाई दल त्या तासात संपलं नाही. युद्ध 23 सप्टेंबरपर्यंत चाललं, आणि 6 तारखेला तर त्यांनी पठाणकोटवरच हल्ला करून आपली उभी विमानं जाळली.

‘एकही विमान पडलं नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागतं. पहिल्याच संध्याकाळी आपली चार व्हँपायर लढाऊ विमानं पडली. 1943 साली पहिल्यांदा उडालेल्या बनावटीचं ते विमान, समोर पाकिस्तानची त्याहून नवी सेबर जेट. माझे काका हवाई दलात मेकॅनिक होते. व्हँपायरचा विषय निघाला की ते आमच्या माजघराच्या दारावर बोटं वाजवून दाखवायचे, ‘पुढचं अंग असं लाकडाचंच होतं की रे.’ अशा विमानांत बसून ती पोरं रणगाड्यांवर गेली. संधिप्रकाशात, धुरळ्यात आपल्याच लष्कराच्या 20 लान्सर्स रेजिमेंटचे रणगाडे आणि 3 महार बटालियनच्या गाड्याही आपल्या माऱ्यात सापडल्या. दुसऱ्या दिवसापासून व्हँपायर आघाडीवरून काढून घेतली. अर्जन सिंग स्वतः 1944 मध्ये इंफाळच्या लढाईत स्क्वॉड्रन घेऊन उडालेले, डीएफसी हे शौर्यपदक मिळालेले वैमानिक होते. जुनं विमान घेऊन शत्रूवर जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते ठाऊक असून त्यांनी तास मागितला. ‘एकही पडलं नाही’ म्हटलं की त्या निर्णयाचं सगळं ओझंच नाहीसं होतं आणि गेलेले वैमानिकही.

अर्जन सिंग पहिले भारतीय प्रमुखही नव्हते. पहिले सुब्रतो मुखर्जी, 1954 पासून. त्यांच्यानंतर अस्पी इंजिनिअर, आणि 1964 मध्ये अर्जन सिंग.

आणि सरकार विसरलं? 1965 लाच पद्मविभूषण. निवृत्तीनंतर स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, केनियात उच्चायुक्त, दिल्लीचे नायब राज्यपाल. 2002 मध्ये ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’; हा मान दुसऱ्या कुणालाच मिळालेला नाही. 2016 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पानागढच्या हवाई तळाला त्यांचं नाव दिलं, तेव्हा ते हयात होते.

ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर हे टाका: त्यांनी दिल्लीजवळची आपली शेतजमीन विकली आणि निवृत्त हवाई सैनिकांच्या मदतीसाठी 2 कोटी रुपये देऊन टाकले. आमच्या काकांसारख्यांसाठी.