घड्याळाला 'माहीत नाही' म्हणता आलं पाहिजे

रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत लाँग रन संपवून बाकावर बसलो होतो, पाणी-बिणी पिऊन झालं आणि विषय निघाला की पुढचं जीपीएस वॉच घ्यायचं तर त्यात काय हवं. एकाला मोठा नकाशा हवा होता, दुसऱ्याला महिनाभर टिकणारी बॅटरी, तिसरीला गाणी. मला तिथे नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितेय, जरा लांबेल. नऊ वर्षं पळतेय, तिसरं घड्याळ वापरतेय, आणि माझी पहिली मागणी एकच आहे. ज्या क्षणी घड्याळाला खात्री नसेल त्या क्षणी त्याने आकडा दाखवूच नये. सरळ दोन आडव्या रेघा दाखवाव्या.

हे इतकं का लागलंय ते सांगते. आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, वय ६७, रोज चार-पाच किलोमीटर अगदी आरामात गप्पा मारत पळतात. मुलाने त्यांना बाहेरून वॉच पाठवलं. पहिल्या आठवड्यातच काका चालू रनमध्ये थांबून कट्ट्यावर बसले, चेहरा उतरलेला. घड्याळात हार्ट रेट १६६. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की २२० मधून वय वजा करायचं, म्हणजे त्यांचं कमाल १५३, आणि हे त्याच्याही वर. (तो हिशोब अगदी ढोबळ आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात, पण घाबरलेल्या माणसाला ते कोण सांगणार.) मग डॉक्टर, ईसीजी, इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. पण काकूंनी त्यांचं पळणं बंद केलं ते केलंच. तीन आठवडे काका बागेत यायचे आणि बाकावर बसून आम्हाला बघत राहायचे.

शेवटी मी माझा छातीचा पट्टा त्यांना बांधायला दिला, आतला भाग पाण्याने ओला करून, आणि काकूंनाच बाकावर बसवून दोघं हळूहळू एक राउंड पळालो. पट्टा सांगत होता १२१. मनगटावरचं घड्याळ त्याच वेळी १६६. मग मी त्यांच्या पायाकडे बघत तीस सेकंद पावलं मोजली, ८३ भरली. दुप्पट केली की १६६. घड्याळ काकांचं हृदय मोजतच नव्हतं, त्यांची पावलं मोजत होतं!

यात जादू काही नाही. घड्याळाखालचे हिरवे दिवे कातडीत प्रकाश टाकतात, रक्त कमीजास्त झालं की परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ठोके काढतात. पळताना हात हलतो, पट्टा सैल असला की घड्याळही हलतं, रक्तही त्याच तालात हिंदकळतं, आणि मशीन हृदयाचा ताल सोडून पावलांचा ताल धरून बसतं. याला कॅडेन्स लॉक म्हणतात, कंपन्यांना हे वर्षानुवर्षं माहीत आहे. आणि पावलं मोजणारा सेन्सर त्याच घड्याळात बसलेला असतो की! दोन्ही आकडे पाच-पाच मिनिटं हातात हात घालून चालत असतील तर घड्याळाला शंका यायलाच हवी, आणि शंका आली तर ती आम्हाला सांगायला हवी. तेवढं केलं असतं तर काकांचे तीन आठवडे वाचले असते, आणि त्या घरातली ती भीती वाचली असती. उलटं झालं तर अजून वाईट, खरंच ठोके वाढलेले असताना घड्याळ निवांत १२० दाखवत राहिलं तर? तोवर उपाय एवढाच, घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा, आणि ज्यांना हार्ट रेट खरंच महत्त्वाचा आहे त्यांनी छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो, त्याला पावलांशी देणंघेणं नाही.

जीपीएसचं पण हेच. कमाटीबागेत पळणाऱ्या कुणाचाही नकाशा उघडून बघा, निम्म्या राउंडला आपण विश्वामित्रीच्या पात्रात दिसतो, जिथे मगरी आहेत. डोक्यावर गच्च झाडं, पावसाळ्यात पानं ओली, आधीच वीस हजार किलोमीटरवरून आलेला सिग्नल अगदी क्षीण असतो, तो पानांतल्या पाण्यात अजून मरतो. आणि मांडवीच्या बाजूला जुन्या गल्ल्यांत शिरलं की वेगळाच गोंधळ. वाड्याच्या चौकात कुणी हाक मारली की ती समोरच्या भिंतीवरून पण ऐकू येते ना, तसं होतं, घड्याळाला थेट आलेला सिग्नल कुठला आणि भिंतीवरून आपटून आलेला कुठला हे कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बाकी फीचर सोडा, ड्युअल बँड आहे का ते आधी बघा, म्हणजे उपग्रहाचे सिग्नल एल-वन आणि एल-फाइव्ह अशा दोन फ्रिक्वेन्सीवर पकडणारं. जुन्या एल-वन सिग्नलच्या कोडचा एक तुकडा जवळपास ३०० मीटर लांबीचा असतो, एल-फाइव्हचा साधारण ३० मीटरचा, त्यामुळे उशिरा आलेली हाक ओळखून बाजूला काढणं सोपं जातं. फरक डोळ्यांना दिसतो, दांडिया बाजारातून निघून गल्लीबोळातून घरी येईपर्यंतची माझी रेघ जुन्या घड्याळात लोकांच्या स्वयंपाकघरातून जायची, आता बऱ्यापैकी रस्त्यावर असते. तरीही चुकते कधीकधी, चुकणारच, पण मग तेवढा भाग तुटक रेघेने दाखवा ना. आमची बोटं लगेच 'आज पेस (किलोमीटरला लागलेली मिनिटं) छान होता' लिहायला जातात, आणि तो पेस नदीत मारलेल्या उडीचा असतो.

आणि नाविक! आपल्या देशाची स्वतःची उपग्रह यंत्रणा आहे, पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. अडचण अशी होती की ते सिग्नल एल-फाइव्ह आणि एस बँडवर, छोट्या स्वस्त चिपा बघतात एल-वनकडे. २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ हा उपग्रह गेला त्यात पहिल्यांदा एल-वन सिग्नल दिला, आणि त्यातलं देशी अणुघड्याळ आपल्या शेजारी अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये बनलंय. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. भारतात घड्याळ विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने खोक्यावर स्पष्ट लिहावं, नाविक चालतं की नाही.

पेसबद्दल थोडं. नवीन पळणारी मुलं सारखी मनगटाकडे बघत असतात, ५:४०, लगेच ७:१०, लगेच ६:०५, आणि बिचारी त्या आकड्याच्या मागे वेग कमीजास्त करत दमून जातात. हिशोब करून बघा, सहाच्या पेसला आपण सेकंदाला पावणेतीन मीटर जातो, आणि जीपीएसची चूकच दोन-चार मीटरची असते, मग दर सेकंदाला खरा पेस येणार कुठून? घड्याळ बराच स्मूद करतं तरी उड्या राहतातच. खोक्यातून काढल्यावर पहिल्या स्क्रीनवर लॅप पेस, म्हणजे चालू लॅपचा सरासरी पेस, असावा, चालू क्षणाचा पेस ज्याला हवा त्याने शोधून लावावा.

रेसच्या दिवशीचं भांडण तर दरवर्षीचं. हाफ मॅरेथॉन २१.०९७५, घड्याळात २१.४, आणि लोक आयोजकांवर तुटून पडतात की रूट जास्त होता. अहो, प्रमाणित रूट सायकलने मोजतात, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून सगळ्यात जवळच्या रेघेने, आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तच धरतात. म्हणजे हाफला २१ मीटर. बाकीचं आपण पाण्याच्या टेबलाकडे तिरकं जाऊन, माणसं चुकवून आणि जीपीएसच्या वाकड्या रेघेने जमवलेलं असतं. यावर उपाय सोपा आहे, रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाटीपाशी बटण दाबलं की घड्याळाने मुकाट्याने आपलं अंतर त्या पाटीला जुळवून घ्यावं. पाटी खरी, घड्याळ नाही.

आता ऊन. ही घड्याळं थंड देशात बसून बनवलेली वाटतात मला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुद्धा हवा गरमच असते, त्याच पेसला माझे ठोके दहा-पंधराने वर जातात कारण शरीर रक्त कातडीकडे पाठवून स्वतःला थंड करत असतं, आणि घड्याळ संध्याकाळी मला सांगतं तुमचा फिटनेस घसरतोय. पूर्ण उन्हाळा नेटाने सराव केलेल्या बाईला हे ऐकवायचं? काही मॉडेल फोनवरून हवामान घेऊन उन्हाचा हिशोब धरतात, पण ते महागड्यांत. स्वस्तात द्या, तिथेच गरज आहे, आणि दमटपणा पण धरा, श्रावणातला घाम वाळतच नाही. घड्याळातला तापमानाचा सेन्सर अंगाची उष्णताही धरून बसतो, तो आकडा दाखवूच नका. आणि चाळिशी ओलांडलेल्या बायकांची झोप, पाळी, गरमीचे झटके, हे सगळं रिकव्हरीच्या, म्हणजे शरीर किती सावरलं त्याच्या, आकड्यात कुठे असतं? मला तर रोज सकाळी 'झोप कमी' एवढंच वाचायला मिळतं, ते मला घड्याळाआधी माहीत असतं.

बटणं हवीत, खरी, दाबली की टक् करणारी. जुलैत पाऊस कोसळताना टचस्क्रीनवर थेंबच बोटं फिरवतात, एकदा माझा १८ किलोमीटरचा रन असाच मधेच पॉज झाला, आणि पुसायला अंगावर कोरडं कापड कुठलं.

बॅटरीवर मी रागावलेली आहे हे लपवत नाही. दुसरं घड्याळ चौथ्या वर्षी दोन तासात मान टाकायला लागलं, बाकी सगळं ठणठणीत. दुरुस्तीला नेलं तर म्हणाले बॅटरी बदलत नाही, जुनं द्या, नवं घ्या. वीस-पंचवीस हजारांची वस्तू! युरोपने २०२३ मध्ये कायदा केलाय, फेब्रुवारी २०२७ पासून वस्तूंमधली बॅटरी ग्राहकाला बदलता आली पाहिजे, पण मुख्यतः पाण्यात वापरायच्या वस्तूंना त्यात सूट आहे, म्हणजे घड्याळवाले त्या फटीतून निसटायला बघतील अशी मला भीती वाटते. वॉटरप्रूफ हवं हे कबूल, पण घड्याळजी वर्षानुवर्षं रबराची रिंग बदलून वॉटरप्रूफ घड्याळांचे सेल घालून देतायत की.

आणि मराठी. मी लांब गेले की आई साडेसातला मेसेज टाकते. घड्याळात मला दिसतात चौकोन, आठ-दहा रिकामे चौकोन. परवा अकोटा पुलावर मी त्या चौकोनांमुळे घाबरून थांबले, घरी काही झालं का म्हणून फोन काढला कमरेच्या पट्ट्यातून, तर लिहिलं होतं, "पोहे भिजवू का? किती वेळ?" देवनागरी वाचणारे इतके कोटी लोक, आणि एक फॉन्ट टाकायला जागा नाही म्हणे. नकाशा टाकायला आहे, गाणी टाकायला आहे.

काका आता परत पळतात, छातीला पट्टा बांधून, काकू गेटपर्यंत सोडायला येतात. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला कमाटीबागेत आम्ही सात-आठ जणांची घड्याळं एकाच राउंडवर लावून बघणार आहोत, अंतर आणि ठोके दोन्ही, आणि पावलं हाताने मोजणार. ज्यांचं घड्याळ वेगळ्या कंपनीचं आहे त्यांनी जरूर या, रात्री चार्ज करून आणा. मोजायची टेप आणि जास्तीचा एक पट्टा मी आणते.