"एनीवन इन चेर्नो?" हा नुसता टाइमपास जोक नाहीये

सर्व्हायव्हल गेम्सवरच्या (जिथे जिवंत राहणं हाच खेळ) चर्चेत कुणीतरी डेझी या गेममधलं "एनीवन इन चेर्नो?", म्हणजे चेर्नो शहरात कोणी आहे का, हे वाक्य टाकतं आणि लगेच दुसरा कुणीतरी म्हणतो की काय तोच तोच बाळबोध जोक लावलाय. मला हे खरंच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

२०१२ मध्ये डीन हॉल नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने आर्मा २ या मिलिटरी गेमवर डेझी (DayZ) नावाचा झॉम्बींचा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करून केलेला नवा खेळ, काढला. मॅप चेर्नारसचा, म्हणजे एक काल्पनिक देश, साधारण २२५ चौरस किलोमीटर. तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर उगवता, सुरुवातीला निदान एक मकारोव्ह पिस्तूल तरी मिळायचं, नंतर तेही काढून टाकलं आणि हातात राहिलं बँडेज, पेनकिलर आणि टॉर्च. मेलात की सगळं गेलं, परत शून्यापासून. आणि झॉम्बी परवडले पण माणसं नकोत अशी अवस्था, कारण समोरचा तुमच्या पाठीवरच्या बॅगेतल्या बीन्सच्या डब्यासाठीसुद्धा गोळी घालू शकतो आणि त्याला कुठलाही नियम अडवत नाही.

आता चेर्नो म्हणजे चेर्नोगॉर्स्क, किनाऱ्यावरचं मोठं शहर. खाणं, औषधं सगळं तिथे, त्यामुळे नवीन माणूस तिकडेच पळणार, आणि हे माहीत असल्यामुळे मागच्या टेकड्यांवर स्नायपर लपून बसलेले असणार. म्हणून आत शिरण्याआधी लोक साइड चॅटवर, जी त्या सर्व्हरवर खेळणाऱ्या सगळ्यांना दिसायची, तिथे विचारायचे की चेर्नोमध्ये कोणी आहे का. विचार करा ना, याला उत्तर काय देणार? हो म्हणालात तर आपली जागा सांगून बसलात, नाही म्हणालात तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि विचारणारा घाबरलेला नवखा आहे की शिकार शोधणारा बँडिट, म्हणजे इतरांना मारून लुटणारा खेळाडू, हेही कळायला मार्ग नाही. प्रामाणिक उत्तर देताच येत नाही अशा प्रश्नाचा जोक होणारच होता! मग लोक मॅपच्या पार दुसऱ्या टोकाला असतानाही तेच टाइप करायला लागले, मेल्यावर पण तेच.

पण जोक झाला तरी त्यातली गरज खरी होती, हे लोक विसरतात. मॉडमध्ये रक्त कमी झालं की डोळ्यांसमोरचे रंग उडायचे, हॉस्पिटलमध्ये ब्लड बॅग मिळायची, पण ती स्वतःला लावता यायची नाही!! दुसऱ्या खेळाडूनेच लावायची. म्हणजे ज्याच्यापासून पळायचं त्याच्यासमोरच जाऊन उभं राहायचं आणि तो सुई घेतो की बंदूक याची वाट बघायची. मला आजवर दुसऱ्या कुठल्याच गेममधली एवढी साधी आणि एवढी जबरदस्त कल्पना आठवत नाही.

त्या ऑगस्टपर्यंत मॉडचे खेळाडू १० लाखांवर गेले, आणि मॉडसाठी मूळ गेम लागायचा म्हणून २००९ चा आर्मा २ परत धडाधड विकला गेला. पुढे साइड चॅट सर्व्हरवरून काढून टाकली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये डेझीचा स्वतंत्र गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला, आला, तिथे आवाज फक्त जवळच्यालाच ऐकू जातो, म्हणजे तो प्रश्न सगळ्या सर्व्हरला विचारायची सोयच उरली नाही. तरी वाक्य टिकलं. लोक आता ते माइकवर मोठ्याने ओरडतात, आणि कधीकधी शेजारच्या बिल्डिंगमधून "फ्रेंडली, फ्रेंडली!" असं उत्तर येतं, आणि त्या दोन सेकंदांत जी धडधड होते ना, ती मला तरी दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेली नाही.

म्हणूनच हल्ली कंपन्या स्वतःच पात्रांच्या तोंडी डायलॉग घालतात, त्याचे स्टिकर काढतात आणि लोकांनी तो उचलावा म्हणून मागे लागतात, ते बघून मला चीड येते. चेर्नोचं वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं, ते घाबरलेल्या लोकांनी खरोखर मदतीसाठी विचारलेलं होतं. नवीन खेळणाऱ्यांना विनंती एवढीच, की त्याला बाळबोध म्हणण्याआधी एकदा एकट्याने, हातात काही नसताना, चेर्नोत शिरून बघा.