अपील जिंकलात? आता निवांत बसा

अभिनंदन! वैद्यकीय बोर्डाने तुमचं दिव्यांगत्व 35 टक्के लिहिले होते, तुम्ही अपिलात गेलात आणि 45 टक्के झालात. पाय तोच, फक्त सवलतींसाठी लागणारी 40 ची रेघ ओलांडली. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधलं अपिलाचं कलम 59 शोधून काढणारा माणूस चिवट असतो, हे कचेरीला ठाऊक आहे. म्हणून तुमच्यासाठी पुढची सोय आधीच करून ठेवली आहे.

आता दरमहा मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरा आणि लगेच पैशांचं विचारू नका, बरं दिसत नाही. आधी अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होऊ दे. ती कधी, असं विचारलंत तर "होईल की" असं सविस्तर उत्तर मिळेल. मध्येच आचारसंहिता लागली तर लोकशाहीच्या उत्सवात आनंदाने सामील व्हा.

चौकशीला जाताना रॅम्पवरूनच जा. त्यावर कोणाची तरी बुलेट उभी असेल. तेवढा व्यायाम तुम्हाला हवाच. रिक्षाचं भाडं उधार घ्या, पण कमवू मात्र नका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं, म्हणजे दिवसाला साधारण 137 रुपये. घरात कोणी चांगलं शिवणकाम करत असेल तर तिला जरा हात आखडता घ्यायला सांगा.

मंजुरी आली की आधार बँकेला जोडलंय का ते बघा. कुबडी धरून धरून बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर मशीन तुम्हाला ओळखणार नाही. तिच्यावर रागावू नका, इतके दिवस बोर्डानेही कुठे ओळखलं होतं?

ऑक्टोबर 2025 पासून या योजनेत दिव्यांगांना 1,500 ऐवजी 2,500 रुपये महिना जाहीर झाले, ही बातमी तुमच्या आधी शेजारच्या काकूंनी वाचलेली असते. त्या पेढे मागतील. द्या. वाणी ओळखीचा आहे, वहीत लिहून ठेवेल.

पहिला हप्ता यायच्या आत हयातीचा दाखला मागितला तर हसत द्या. अजून जिवंत आहात याचं त्यांनाही कौतुक वाटत असेल. आणि हो, प्रमाणपत्रावर बारीक अक्षरात 'तात्पुरते' असं लिहिलंय का पाहिलंत? मुदत संपत आली असेल तर बोर्ड कोणत्या वारी बसतं, ते आजच विचारून ठेवा.