जो क्लिअरीचंही नाव घ्या

बेसबॉलच्या चाहत्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. एखादा जुना खेळाडू गेल्याची बातमी आली की ही मंडळी त्याचा शेवटचा सामना नाही, पहिला सामना शोधून काढतात. कोणत्या मैदानावर झाला, समोर कोण होतं, पहिला बॅटर बाद कसा झाला. तो खेळाडू वीस वर्षं खेळला की एक दुपार, याने त्यांना फरक पडत नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, एक चेंडू टाकला तरी नाव कायमचं नोंदवलं जातं आणि त्या नावाचं पान कुणीतरी जपून ठेवतं.

हे जपणारे बहुतेक वेळा बिनपगारी असतात. १९७१ मध्ये कूपर्सटाउनला बॉब डेव्हिड्स यांनी आणखी पंधरा जणांना घेऊन बेसबॉल संशोधनाची एक संस्था काढली. चाहते तिला 'सेबर' म्हणतात. तिचे सभासद हौसेने एकेका खेळाडूचं चरित्र लिहितात. ज्याच्या नावावर जेमतेम एक सामना आहे, त्याचंसुद्धा. मला हे काम हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या संग्रहालयातल्या ब्राँझच्या पाट्यांइतकंच मोलाचं वाटतं. थोरांच्या पाट्या लावायला पैसेवाले मिळतात. बाकीच्यांसाठी कुणाला तरी जुनी वर्तमानपत्रं चाळत बसावं लागतं.

तरीही या आठवणी काढण्यात एक भेदभाव होतो, तो मला खटकतो. त्यासाठी एका सामन्याबद्दल सांगायला हवं.

४ ऑगस्ट १९४५, शनिवार. वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम. वॉशिंग्टन सेनेटर्स विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, डबलहेडरमधला (एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने) दुसरा सामना. महायुद्ध अजून संपलेलं नाही, बरेच नावाजलेले खेळाडू लष्करात आहेत आणि सेनेटर्स मात्र विजेतेपदाच्या शर्यतीत आहेत. सामने एकावर एक लागलेले, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, थकलेले. चौथ्या इनिंगमध्ये रेड सॉक्सने धुवायला सुरुवात केली आणि सेनेटर्सचे मॅनेजर ऑसी ब्लूगी यांनी जो क्लिअरीला माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, पाठवलं. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा पिचर. त्याचा मेजर लीगमधला हा पहिला सामना.

त्याचं स्कोअरकार्ड असं आहे: पाच हिट (चेंडू मारून बॅटर बेसवर), तीन वॉक (चार वाईट चेंडू पडल्याने बॅटर फुकट बेसवर), सात धावा, एक स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद). एवढ्यावर ब्लूगी त्याला काढायला आले. दोघांचं जोरदार वाजलं. क्लिअरी पुन्हा कधीच मेजर लीगमध्ये खेळला नाही.

पिचरची सरासरी काढायची पद्धत सोपी आहे. दिलेल्या धावांना (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या सोडून) नऊने गुणायचं आणि टाकलेल्या इनिंगने भागायचं. सात नव्वे त्रेसष्ट. एका इनिंगमध्ये तीन गडी बाद करायचे असतात. क्लिअरीने एकच केला, म्हणजे इनिंगचा तिसरा हिस्सा. त्रेसष्टला एकतृतीयांशने भागलं की येतात १८९. निदान एक गडी बाद केलेल्या पिचरांत इतकी वाईट सरासरी दुसऱ्या कुणाचीच नाही. २००४ मध्ये क्लिअरी गेला, पण हा आकडा त्याला चिकटलेलाच आहे. त्याचं नाव निघतं ते बहुधा या आकड्यासाठी, आणि सोबत हसू असतं.

आता त्याच क्षणी माउंडवर कोण आलं ते बघा. बर्ट शेपर्ड. इंडियानाचा डावखुरा पिचर, लढाऊ विमानाचा वैमानिक. मे १९४४ मध्ये जर्मनीत त्याचं पी-३८ विमान पाडलं गेलं. लाडिस्लाउस लॉइडल नावाच्या शत्रूपक्षाच्याच डॉक्टरने त्याचा जीव वाचवला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. युद्धकैद्यांच्या छावणीत डॉन एरी या कॅनडाच्या कैद्याने त्याला कृत्रिम पाय बनवून दिला आणि त्यावर उभं राहून शेपर्ड चेंडू टाकायचा सराव करू लागला. १९४५ च्या सुरुवातीला तो मायदेशी परतला आणि थोड्याच दिवसांत सेनेटर्सच्या सराव शिबिरात हजर झाला.

त्या दिवशी तो आला तेव्हा रेड सॉक्सच्या चौदा धावा झालेल्या होत्या आणि दोन गडी बाद होते. समोर जॉर्ज मेटकोविच. शेपर्डने त्याला स्ट्राइकआउट केलं. मग सामना संपेपर्यंत तोच टाकत राहिला. पाच इनिंग आणि एकतृतीयांश, तीन हिट, एक धाव. सरासरी १.६९. सामना १५-४ असा गेला. शेपर्डचाही मेजर लीगमधला तो एकमेव सामना.

जून २००८ मध्ये शेपर्ड गेला तेव्हा लोकांनी भरभरून लिहिलं आणि ते योग्यच होतं. पण त्यातलं बरंचसं पायाबद्दल होतं. पाय नसताना खेळला, केवढी जिद्द! मला यावर एवढंच म्हणायचं आहे की त्याने चांगली पिचिंग केली होती. रेड सॉक्सच्या बॅटरांनी त्याला दयेपोटी सोडलं नव्हतं, त्यांना त्याचा चेंडू मारता आला नाही. मग सेनेटर्सनी त्याला दुसरा सामना का दिला नाही? त्या वर्षी ते डेट्रॉइटच्या केवळ दीड सामना मागे राहून दुसरे आले. पिचरांची ओढाताण चालली होती आणि हा माणूस बाकावर बसून होता. महिनाअखेरीस त्याच मैदानावर त्याच्या छातीवर शौर्यपदक लावलं गेलं, पण हातात चेंडू काही दिला नाही. त्याला शूर म्हणणारे पुष्कळ होते. त्याच्यावर पिचर म्हणून विश्वास टाकायला मात्र कुणी तयार नव्हतं. श्रद्धांजलीत आपणही तेच करत असू, तर ते बरोबर नाही.

आणि क्लिअरी? त्याने तो एक गडी बाद केला नसता तर शून्याने भागावं लागलं असतं, सरासरी अनंत झाली असती आणि त्या यादीत तो इतर काही जणांसोबत निवांत विसरला गेला असता. त्याने एक गडी बाद केला म्हणून तो हसण्याचा विषय झाला. मेजर लीगच्या बॅटरला स्ट्राइकआउट करणं हे लाखो पोरांचं स्वप्न असतं आणि त्याने ते केलेलं आहे. वर्षानुवर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धांत, घाम गाळून मिळालेली संधी, त्यात काही मिनिटांत सगळं हातातून निसटणं, आणि नंतर अर्ध्याहून जास्त शतक तो आकडा सोबत घेऊन जगणं. हे दुःख ज्याने कोणताही खेळ मनापासून खेळलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे, या दोघांची आठवण एकत्र काढा. एकाच इनिंगमध्ये, एकाच माउंडवर, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात चेंडू गेला. दर ४ ऑगस्टला शेपर्डची गोष्ट कुणीतरी सांगतंच. ती सांगताना त्याचे आकडे सांगा, पायाची गोष्ट त्यानंतर. आणि त्याच्या आधी माउंडवर कोण होतं असं कुणी विचारलं, तर १८९ न म्हणता जो क्लिअरीचं नाव घ्या, कॉर्कहून आला होता ते सांगा, आणि एक गडी त्यानेही बाद केला होता हेही सांगा.